उत्तर होतं, पत्र नव्हतं

मला रशियन येतं हे बहारीनमध्ये मी एकदाच सांगितलं आणि पस्तावले. कुवेतची लढाई संपली होती, सोविएत देश नकाशावरून पुसला गेला होता, आणि पुण्यात मी आधी शिकलेली नि मग दहा वर्षं शिकवलेली भाषा एकाएकी कुणालाच नकोशी झाली होती. कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. एका बँकवाल्याच्या बायकोने विचारलं, इथे येण्याआधी तुम्ही काय करायचा? मी बोलून गेले. ती म्हणाली, अगंबाई, रशियन! त्यापेक्षा अरबी शिका, निदान भाजीवाल्याशी बोलता येईल. भाजीवाला केरळचा होता आणि आम्ही सगळ्याजणी त्याच्याशी हिंदीत बोलायचो, पण ते असो. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन साडीची घडी घालताना मात्र इतका राग आला की घडी चार वेळा चुकली. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड मिटलं ते मिटलंच.

आमचा फ्लॅट झिंज भागात, तिसऱ्या मजल्यावर. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे आपल्याकडचं वाण्याचं दुकान, शेजारी शिंपी, पलीकडे मशीद. नवरा एका कंपनीत अकाउंटंट. सकाळी सातला जायचा आणि संध्याकाळी आकड्यांनी दमून यायचा. माणूस चांगला, पण बोलणं मोजकं. मुलगी चौथीत. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. डबा खाल्लास का, याचं उत्तर इंग्रजीत आलं की आपण कुठल्या तरी हॉटेलात उतरलोय असं मला वाटायचं. मे ते सप्टेंबर खिडक्या बंद, आणि एसीची घरघर इतकी अंगवळणी पडलेली की लाइट गेले तर शांततेनेच दचकायला व्हायचं.

घरी पत्रं जायची ती ठरलेली. इकडे सर्व मजेत. उकाडा फार आहे पण घरात एसी आहे. आंबे पाकिस्तानचे मिळतात, आपल्या हापूसची सर नाही पण बरे असतात. आईला वाटायचं मुलगी सुखात आहे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुखात होतेच मी. फक्त एकटी होते, आणि ते लिहायची सोय नव्हती. फ्रीज, गाडी, एसी असलेल्या मुलीने एकटी आहे म्हणून लिहिलं की लोक म्हणतात, हिला सुख बोचतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या घरात माझ्या सोबतीला एक माणूस होता, आणि तो मेलेला होता. रशियन लेखक. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तरी आपल्याकडे कुणी ओळखणार नाही, त्याच्या स्वतःच्या देशात तीस वर्षं ते कुणी उच्चारत नव्हतं. तो उत्तरेकडच्या एका बेटावर हवामानाच्या नोंदी करायचा. दिवसातून तीनदा बाहेर जायचं, वारा, थंडी, ढग बघायचे आणि वहीत लिहायचे. त्या नोकरीत त्याने गोष्टी लिहिल्या, त्यांचं एक बारीकसं पुस्तक निघालं, ते लोकांना आवडलं आणि तिथेच घात झाला. वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं की याच्या गोष्टींतली माणसं एकटी आहेत. आता, ज्या देशात सगळे सगळ्यांचे सोबती, तिथे माणूस एकटा असेलच कसा? म्हणजे लिहिणारा एक तर खोटारडा, नाही तर शत्रू.

त्याला तुरुंगात टाकलं नाही की देशाबाहेर काढलं नाही. नुसतं वगळलं. वाचनालयांतून पुस्तक गेलं, याद्यांतून नाव गेलं, ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागली. पुढची वीस-बावीस वर्षं त्याने रेल्वेच्या वेळापत्रकांची मुद्रितं तपासून पोट भरलं. घरी लिहीत राहिला, छापलं एक अक्षर नाही. त्याला पुरताना बहीण होती आणि छापखान्यातले दोघे होते, बस्. तो मेल्यावर बऱ्याच वर्षांनी वारं जरा फिरलं, आणि ते पुस्तक कापूनछाटून पुन्हा काढलं गेलं. ती कापलेली प्रत पुण्यात आमच्या बाईंच्या हाती पडली.

बाई म्हणजे माझ्या रशियनच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, भाचीला वाढवलं आणि तीस वर्षं रशियन शिकवलं. अंगावर सुती साडी, हातात घड्याळ, आणि व्याकरण चुकलं की असं बघायच्या की त्यापेक्षा छडी परवडली. दरवर्षी त्या वर्गात याच लेखकाची एक गोष्ट घ्यायच्या. बेटावरच्या हवामान केंद्रात नोंदी करणारा एक माणूस आणि त्याची बायको राहतात. तिसरं माणूस नाही. हिवाळा सरतो, कोळशाचं जहाज येतं आणि जातं, एवढंच घडतं. आणि शेवटाकडे नवरा एकदम बायकोला म्हणतो की, तू नोंदवहीच्या पानामागे लिहिलंस ते मी वाचलं, शाई पुढे उमटली आहे.

पण त्याआधी बायकोने काही लिहिल्याचं गोष्टीत कुठेच नाही. दरवर्षी कुणी तरी हात वर करून विचारायचं, बाई, काय लिहिलं होतं तिने? आणि बाई म्हणायच्या, ते कापलंय. उत्तर ठेवलं आणि पत्र कापलं, इतके ते घाईत होते. मग त्या खिडकीबाहेर बघायच्या. त्यांना ते पान वाचायचं होतं. आयुष्यात दुसरं काही त्यांनी इतकं मागितलेलं मला माहीत नाही.

आणि नशीब बघा. तिकडे बंधनं उठली, पुस्तक पहिल्यांदा पुरं छापलं गेलं, एका जुन्या ओळखीने मॉस्कोहून प्रत पाठवली, आणि ती पुण्याला पोचली तोवर बाईंचे डोळे काचबिंदूने गेलेले. भाचीला रशियनचा र येत नाही. माझा बहारीनचा व्हिसा आला होता. निरोप घ्यायला गेले तर बाईंनी पुस्तक माझ्या पिशवीत घातलं आणि अट घातली. मराठी कर, एकेक गोष्ट पाठव, भाची वाचून दाखवेल. पण ओळीने पाठव. ते पान सापडलं तरी मधेच सांगायचं नाही, ज्या जागी आहे त्या जागीच मला ते ऐकायचंय. ती गोष्ट पुस्तकात शेवटची होती.

मी विमानातच शेवटची गोष्ट उघडली. पान होतं. प्रस्तावनेत त्याची हकिगतही होती. ते पहिल्या छपाईच्या वेळीच कापलं होतं लेखकाच्याच एका भल्या संपादकाने, त्याला वाचवायला म्हणून. एवढं एक पान काढू, बाकीचं जगेल, असा त्याचा हिशेब. कापलं, पण जाळलं नाही. स्वतःच्या घरी कागदांत ठेवलं, आणि संपादक गेल्यावर ते सापडलं. प्रस्तावना मी मुद्दाम मागे ठेवली, बाईंना शेवटी पाठवू म्हणून.

नवरा कामाला आणि मुलगी शाळेत गेली की मी जेवणाच्या टेबलावर वही मांडायचे. दोन वर्षं लागली. मध्ये आजारपणं झाली, पाहुणे झाले, कधी कधी नुसताच कंटाळा झाला. पण खरं सांगते, दिवसातले तेवढे दोन तासच मी कुणाशी तरी बोलत होते. तो बेटावर, मीही बेटावर. त्याच्याकडे बर्फ, माझ्याकडे धूळ. शेवटच्या गोष्टीतलं ते पान आलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि मोठ्याने रडले, दुपारी साडेअकराला, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. बाईंसाठी काही तरी भाषांतर करते, एवढंच ठाऊक.

आता पाकिटांची गोष्ट सांगायला हवी. आखातात कुणी रजेवर निघालं की बातमी आधी फुटते आणि त्याच्या घरी लोकांची रीघ लागते. हे पत्र मुंबईला टाका, हे औषध भावाला द्या. टपालावर कुणाचा भरवसा नसायचा. पत्र हाती द्यायचं ते उघड्या पाकिटात, ही रीत. बंद करून दिलं तर नेणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि विमानतळावर कुणी विचारलं तर त्या बिचाऱ्याला आत काय आहे ते सांगता आलं पाहिजे. पलीकडे पोचल्यावर त्याने डिंक लावायचा आणि पेटीत टाकायचं. नेणारा वाचतो का? वाचत नाही, असं सगळे धरून चालायचे. वाचायचे सगळे. म्हणून आम्ही सगळेच मजेत असायचो.

आधीच्या गोष्टी अशाच कुणाकुणाबरोबर गेल्या. शेवटची गोष्ट लिहून झाली तेव्हा रजेवर निघाले होते भाई. भाई रत्नागिरीकडचे मुसलमान, तुबलीच्या एका गॅरेजमध्ये फोरमन. आमच्या जुन्या गाडीचे सगळे नखरे त्यांना पाठ. चौदा वर्षं बहारीनमध्ये, राहायला नईम भागात आणखी चौघांबरोबर, बायकामुलं गावी. मला वैनी म्हणायचे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले आणि वाचायची भारी हौस, आमच्याकडची जुनी मासिकं घेऊन जायचे. त्यांच्या हातात मी पाकीट दिलं. आत सहा कागद, वर बाईंचं नाव नि पुण्याचा पत्ता, भारतातलं तिकीट लावलेलं. भाईंनी विचारलं, काय आहे वैनी?

आणि मी म्हणाले, काही नाही हो, घरचंच पत्र आहे.

का म्हणाले? रशियन म्हटलं की पुन्हा तेच, अय्या आणि हसणं, म्हणून. गॅरेजमध्ये दोन माणसं उभी होती, मला लाज वाटली. ज्याने माझी दोन वर्षं सांभाळली त्या लेखकाला मी एका वाक्यात वगळून टाकलं. तेव्हा मात्र मला त्याचं काहीच वाटलं नाही.

महिना गेला, दीड महिना गेला. मी रोज हिशेब करायचे. भाई मुंबईला उतरले असतील, पाकीट टाकलं असेल, भाचीने वाचलं असेल. मग एक दिवस पुण्याचं पत्र आलं. बाईंनी सांगितलेलं, भाचीने लिहिलेलं. गोष्ट पोचली, भाषा चांगली उतरली आहे, दोन ठिकाणी क्रियापदं घाईची आहेत. आणि खाली एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे. “नव्या प्रतीतही ते पान नाही, तेव्हा तिने काही लिहिलंच नव्हतं असं आता मी धरून चालते.”

त्याच्याखाली भाचीने आपल्या मनाने दोन ओळी घातल्या होत्या. मावशीचं खाणं सुटलंय, मूत्रपिंडं गेली आहेत, डॉक्टर फार दिवस देत नाहीत. गोष्ट ऐकली त्या दिवसापासून ती गप्पच आहे.

मी डोकं धरून बसले. पान कसं नाही? मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. आधी भाचीचा राग आला, वेंधळीने पान पाडलं असणार. मग टपालाचा. मग माझा, कारण पानांना आकडे घालायची मला सवय नाही. ते पान मी वेगळ्या कागदावर उतरवलेलं, सहातला तो चौथा गेला तर कुणाला कळणार? त्या पानाशिवाय गोष्ट तशीच पुढे सरकते, तीस वर्षं नाही का सरकली! माझ्या बाई ते भोक घेऊन मरणार होत्या, आणि ते या वेळी कुणा सरकारने पाडलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी गाडीचा एसी बंद पडला आणि आम्ही तुबलीला गेलो. ओहोटी होती, खाडीच्या चिखलाचा वास गॅरेजपर्यंत येत होता. भाई रजेवरून परत आले होते. नवरा आत मालकाकडे चहा घेत बसला. मी बाहेर भाईंना विचारलं की पाकिटातले कागद सगळे होते ना, कुठे पडलं वगैरे नाही ना? भाईंनी फडक्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, “वैनी, रागावू नका. एक कागद मी दिलाच नाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. ते आत गेले आणि आपल्या खणातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात त्यांचा पासपोर्ट, मुलांचे फोटो आणि माझ्या अक्षरातला चौघडी घातलेला कागद.

विमानात त्यांनी वाचलं होतं. पहिले तीन कागद चाळले, काही तरी बर्फाचं होतं, त्यांना नीट कळलं नाही. चौथ्यावर मात्र ‘आई’ म्हणून सुरुवात होती. माझं अक्षर, मी सांगितलेलं ‘घरचंच पत्र’, आणि पाकिटावर पुण्यातल्या एका म्हाताऱ्या बाईचं नाव. दुसरं काय समजणार माणूस? त्यांना वाटलं वैनी आईला लिहितायत. आणि जे लिहिलंय ते कुठल्याही आईने वाचू नये असं त्यांना वाटलं. साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगावं का, याचाही त्यांनी गावी महिनाभर विचार केला म्हणे. शेवटी सांगितलं नाही, आणि फाडवेना म्हणून ठेवून दिलं.

मला संताप आला. इतका की माझा आवाज चढला आणि एक पाकिस्तानी मेकॅनिक गाडीखालून डोकं काढून बघायला लागला. तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, असंही मी म्हणाले. आज ते आठवलं की लाज वाटते.  मग खालच्या आवाजात भाईंनी स्वतःचं सांगितलं. इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एकदाच खरं पत्र लिहिलं होतं. करमत नाही, जेवण जात नाही, रडू येतं, असं सगळं. आई निरक्षर. तिने ते शेजारच्या पोराकडून ओट्यावर बसून वाचून घेतलं, आजूबाजूच्या चार बायकांसमोर. त्या पत्राने म्हातारीने अंथरूण धरलं. पुढे ती उठली, पण त्या दिवसापासून भाईंनी पत्रात मजेत याशिवाय काही लिहिलं नाही. आई जाईपर्यंत नाही, आणि आता बायकोलाही नाही.

 मग मी त्यांना सांगितलं की हे माझं पत्र नाही. एका रशियन माणसाची गोष्ट आहे, तो मरूनही खूप वर्षं झाली. पाकीट आईला नव्हतं, माझ्या शिक्षिकेला होतं, आणि त्या हा एक कागद ऐकायला थांबल्या आहेत. भाईंनी कागद पुन्हा उघडला, पुन्हा वाचला. ओठ हलत होते.

“रशियन होता?” ते म्हणाले. “मग त्याला कसं कळलं?”

 त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा माफी मागितली. मी म्हटलं, तुमची चूक नाही, मीच खोटं सांगितलं होतं. घरी येताना गाडीतला एसी चालू झाला होता आणि नवरा त्यावर खूश होता. मी पर्समधल्या त्या कागदावर हात ठेवून बसले होते. भल्या माणसाने कापलेलं पान भल्या माणसाने पुन्हा कापलं, आणि दोघांनीही ते जपून ठेवलं. यावर हसावं की रडावं ते मला कळेना.

पत्र पाठवण्यात आता अर्थ नव्हता. शुक्रवारी सकाळी मी पुण्याला फोन लावायचं ठरवलं. फोन आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी. नवरा सुटीचा, पेपर घेऊन बसलेला, टीव्हीवर कुठला तरी हिंदी सिनेमा. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मला ते पान त्याच्यासमोर वाचावं लागणार होतं. जरा बाहेर जाऊन येता का, असं म्हणावं असं शंभरदा मनात आलं. पण म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. चारदा लावल्यावर फोन लागला. भाचीने उचलला, आणि रिसीव्हर बाईंच्या कानाशी धरला.

बाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी ओळखू आला नाही. मी म्हणाले, बाई, पान आहे. माझ्या चुकीने राहिलं होतं. वाचू? त्यांनी हूं केलं. मी कागद उलगडला आणि वाचायला लागले.

आई, इथे सगळं मोजतात. वारा मोजतात, बर्फ मोजतात, आकाशाचा कितवा भाग ढगांनी झाकलाय तेही लिहून ठेवतात. माझ्याशी कोण किती बोललं ते कुणी लिहीत नाही. म्हणून काल मी मोजलं. चौदा शब्द. त्यातले सहा मिठाबद्दल होते. मी दुःखी आहे असं समजू नकोस. दुःखी माणसाला काही तरी झालेलं असतं. मला काहीच झालेलं नाही. तो चांगला आहे, कोळसा पुरेसा आहे. पण एखाद्या दिवशी मी बाहेर गेले आणि परत आलेच नाही, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते त्याला कळणार नाही. तू एकदा मला विचार, कशी आहेस म्हणून. आणि विचारून झाल्यावर, उत्तर येईपर्यंत थांब.

  मग बाई म्हणाल्या, परत वाच.

मी परत वाचलं. या वेळी आवाज जरा मोकळा झाला होता, कागदाकडे बघायचीही गरज नव्हती. चौदा शब्द, मीठ, कोळसा, सगळं ओळीने आलं. आणि उत्तर येईपर्यंत थांब, हे म्हणून झाल्यावर मी थांबलेच नाही. तोंडातून आणखी एक वाक्य गेलं. आई, मुलगी माझ्याशी बोलते, पण ती माझ्या भाषेत बोलत नाही.

बाई म्हणाल्या, “तिला मुलगी नाही.”

 मी म्हणाले, चुकलं बाई, ते त्याचं नाही, ते काढून टाका.

“पहिल्यांदा वाचलंस तेव्हा नव्हतं ते,” बाई म्हणाल्या. दम लागत होता, मधे मधे थांबत होत्या. “माझ्यासाठी असू दे. माझ्यापुढे काही कापू नकोस आता.”

मग भाचीने फोन घेतला आणि म्हणाली, मावशी दमली आहे, पण हसतेय. बाई त्यानंतर तीन आठवड्यांनी गेल्या. भाचीच्या पत्रात होतं की शेवटच्या दिवसांत कुणी भेटायला आलं की त्या ते पान तोंडपाठ म्हणून दाखवायच्या, मुलीच्या वाक्यासकट, आणि ते त्या लेखकाचंच आहे असं सांगायच्या. पुढे काही वर्षांनी भाषांतर पुस्तकरूपाने निघालं तेव्हा ते वाक्य मी घातलं नाही. त्याचं पुस्तक इतक्या वर्षांनी पुरं झालं होतं, त्यात माझी भर नको. प्रस्तावना मात्र सगळी घातली. एक प्रत भाईंना दिली.

पण त्या शुक्रवारी मी रिसीव्हर ठेवला तेव्हा टीव्हीचा आवाज बंद होता. कधी बंद केला ते मला कळलंच नव्हतं. नवऱ्याने पेपर मांडीवर ठेवला होता आणि चष्मा काढून हातात धरला होता.

तो म्हणाला, “त्या पुस्तकात मुलगी आहे?”

मी म्हटलं, नाही.

“आणि बाकीचं?”

बाकीचं त्याचं, त्या रशियनचं आहे, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. तेवढ्यावर सोडलं असतं तर सगळं निभावलं असतं. तो पुन्हा चष्मा लावून पेपर वाचायला लागला असता आणि मी भाताचं बघायला उठले असते. आम्ही मजेत राहिलो असतो.

“आणि माझंही आहे,” मी म्हटलं.

कधीपासून, असं त्याने विचारलं. आल्यापासून, मी म्हणाले. त्याला वाटत होतं मला सवय झाली. मलाही तसंच वाटत होतं, असं मी त्याला सांगितलं, आणि मला रडू आलं. तो उठला, माझ्या शेजारी येऊन बसला. हातातला चष्मा सदऱ्याला पुसत राहिला. पण उठून गेला नाही. तेवढ्यात मुलगी बाहेर आली आणि टीव्ही का बंद आहे म्हणून इंग्रजीत विचारलं.  मग मी सरकून तिला जागा केली आणि म्हटलं, बस. ती बसली.